आकडीची गोळी आणि तिची मुदत

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर उपचार करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘फेनिटॉइन १०० मि.ग्रॅ., सकाळ-दुपार-रात्र, चालू ठेवा’ असं लिहिलेलं असतं. कधीपर्यंत, ते नसतं. मग ज्याला एकदाही आकडी आलेली नाही, असा माणूसही महिनोन् महिने गोळ्या घेत राहतो. अशा रुग्णाचं हे प्रतिबंधक औषध सात दिवसांनंतर थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मारानंतरच्या आकड्या दोन तऱ्हेच्या असतात. पहिल्या आठवड्यातली आकडी ताज्या जखमेची. साकळलेलं रक्त, सूज आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे मेंदूच्या पेशी बिथरतात. ती रोखायलाच हवी, कारण झटक्यात मेंदूची प्राणवायूची भूक वाढते आणि कवटीतला दाब चढतो. महिन्यांनी, कधी वर्षांनी येणाऱ्या आकडीचं मूळ मात्र भरलेल्या जखमेच्या व्रणात आणि पेशींच्या बदललेल्या जोडणीत असतं. नॅन्सी टेमकिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत सिएटलला ४०४ गंभीर रुग्णांवर केलेली चाचणी १९९० साली प्रसिद्ध झाली. पहिल्या आठवड्यात फेनिटॉइनवरच्या ३.६ टक्के रुग्णांना आकडी आली, तर औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या १४.२ टक्के रुग्णांना. पुढे दोन वर्षांअखेरचे आकडे अनुक्रमे २७.५ आणि २१.१ टक्के, म्हणजे उशिराची आकडी औषधाने टळली नाही. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

यावर नातेवाईक विचारतात, ‘‘पण डॉक्टर, गोळी बंद केली आणि फिट आली तर?’’ भीती रास्त आहे, पण ती गोळी त्या फिटपासून वाचवतच नाही. ‘घेतली तर बिघडतं काय?’ हा दुसरा आक्षेप. बिघडतं. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, चाल डगमगते, विचार मंदावतो. आकडीवरच्याच लेव्हेटिरासिटाम या दुसऱ्या औषधाने चिडचिड वाढते. घरच्यांना वाटतं, हे सगळं डोक्याच्या माराचंच. त्यामुळे औषधाचा दोष जखमेच्या खात्यावर जमा होतो आणि गोळी चालूच राहते. ज्याला पहिल्या आठवड्यानंतर आकडी आली, त्याचा हिशेब मात्र वेगळा. तिथे ती पुन्हा येण्याचा धोका मोठा असल्याने दीर्घ उपचार लागतात. आणि कोणीही गोळी आपल्या मनाने एकदम सोडू नये. तशी सोडल्यानेही आकडी येऊ शकते.

म्हणून रुग्णाला घरी नेताना डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: ही गोळी कशासाठी, आणि ती कोणत्या तारखेला बंद करायची? ती तारीख कार्डावर लिहून घ्या.