बट्टमबांगच्या रिंगणात

कंबोडियाला जाणारे आपले धम्मबांधव बहुधा अंगकोरची मंदिरे पाहून परततात. तेथील बायोन मंदिर राजा सातवा जयवर्मन याने उभारले. तो महायानी बौद्ध होता. मंदिराच्या भिंतींवर लढाया आहेत, तसेच कसरतपटूही कोरलेले आहेत. एक बलदंड माणूस तीन मुलांना अंगावर तोलून उभा आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी अशा कष्टकरी कलावंतांना राजाच्या भिंतीवर जागा मिळाली, याचे आम्हांला फार अप्रूप वाटले.

ही कला आजही बट्टमबांगला शिकवतात असे कळले, म्हणून आम्ही सहाजण सिएम रीपहून तिकडे गेलो. तीन-चार तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना भातशेती. तेथे ‘फार पोन्लेउ सेल्पाक’ नावाची संस्था आहे; नावाचा अर्थ कलेचा प्रकाश. ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, सुमारे १७ लाख माणसे मेली. कलावंत तर वेचून मारले गेले. थायलंडच्या सीमेवरील साइट टू छावणीत निर्वासित मुलांना व्हेरोनिक देक्रो या फ्रेंच बाईंनी चित्रकला शिकवली. त्यांपैकी नऊ तरुणांनी मायदेशी परतून १९९४ साली ही संस्था काढली. १९९८ साली सर्कशीचे वर्ग सुरू झाले. या सर्कशीत प्राणी नाहीत. सारा खेळ माणसांचा.

आम्ही पोहोचलो तेव्हा सराव चालू होता. तिकडे सरकारी शाळा अर्ध्या दिवसाच्या पाळीने भरतात. उरलेल्या वेळात गरीब वस्त्यांतील मुले-मुली येथे येतात. एक मुलगी दोघांच्या खांद्यांवर चढून ताठ उभी राहिली. आमच्यातील एक मावशी म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आपल्या डोंबाऱ्याची पोर!” जरा वेळाने त्याच म्हणाल्या, “पण हिच्यापुढं थाळी नाही.”

मावशींनी नेमके बोट ठेवले. आपल्याकडे डोंबारी-कोल्हाट्याची मुलगी जन्मानेच दोरावर चढते. ढोलकी थांबली की थाळी फिरवते. शाळा तिच्या वाट्याला येत नाही. बट्टमबांगच्या मुलीने तीच कला स्वतः निवडली, आणि दप्तरही सोडले नाही.

वरून झेप घेणाऱ्याला खालचा हात वेळेवर मिळावा लागतो. तो हात कोणाच्या घरचा, हे विचारायला तेथे सवड नसते. दुभाष्यामार्फत एका मुलाने सांगितले, की पूर्वी वस्तीत त्याला कोणी विचारत नसे. आता तो ‘झेलणारा’ म्हणून ओळखला जातो. सरावानंतर एक मुलगा आणि मुलगी एकाच पेल्यातून उसाचा रस पीत होती. आम्ही पाहतो आहोत हे कळताच मुलगी लाजून पळाली. या वयात असे व्हायचेच. पण ज्याच्या हातांवर रोज जीव सोपवायचा, त्याच्याविषयीची ओढ सिनेमातल्या प्रेमापेक्षा जबाबदारीची असते.

धम्माला ही माणसे परकी नाहीत. संयुत्त निकायातील सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणाऱ्या गुरु-शिष्याची गोष्ट आहे. एकमेकांना सांभाळू, असे गुरू म्हणतो. शिष्य म्हणतो, आधी ज्याने त्याने आपला तोल सांभाळावा. त्यावरून तथागतांनी समजावले, की स्वतःला जपण्यातच दुसऱ्याला जपणे आहे आणि दुसऱ्याला जपण्यात स्वतःला. मूळ पालीत त्या गुरूला ‘चंडालवंसिक’ म्हटले आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर राजगृहाचा श्रेष्ठीपुत्र उग्गसेन एका कसरत करणाऱ्या मुलीवर जीव जडल्याने घरदार सोडून तिच्या तांड्यात जातो आणि तिची कला शिकतो. पुढे दोघेही अर्हतपदाला पोहोचतात.

आपल्या विहाराच्या अंगणात रविवारी मुले जमतात. वस्तीबाहेर पाल ठोकून राहिलेल्या डोंबाऱ्याची मुले त्यांत का नसावीत? आधी त्यांचे नाव शाळेत घालूया. मग तीच आपल्या मुलांना कोलांटी शिकवतील.