बैलाच्या श्रमाविना

ऑक्टोबर उजाडला की आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या मांडवांचा रंगच पालटतो. टोमॅटो आणि मक्याची कणसं आवरती होतात आणि भोपळ्यांच्या राशी लागतात. गर्द हिरवे, उभ्या खाचांचे एकॉर्न. पिवळ्या अंगावर हिरवे पट्टे असलेले डेलिकाटा. निळसर राखाडी, गाठीगाठींचे, एका हाताने न उचलणारे हबर्ड. आणि बदामी रंगाचे, लांब मानेचे बटरनट. हे सगळे वाढतात उन्हाळ्यात, पण खायचे असतात हिवाळ्यात. कडक गारठा पडून वेल करपायच्या आत ते उतरवायचे, बोटभर देठ राखायचा, आणि नख रुतणार नाही इतकी साल टणक झाली असेल तरच साठवायचे. देठ तुटलेला भोपळा आधी खाऊन टाकायचा, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. आमच्या गावाबाहेरच्या मांडवावर बसणाऱ्या शेतकरीणबाई देठ मोडलेले भोपळे वेगळ्या टोपलीत ठेवतात आणि घेणाऱ्याला बजावतात, हा याच आठवड्यात चिरा.

मी थांबते ती बटरनटच्या ढिगापाशी. आपल्याकडे मंडईत फोडी करून मांडलेला लाल भोपळा बहुतेक ज्या जातीचा असतो, त्याच जातीचा हा: कुकुर्बिटा मोस्काटा. चिरल्यावर वासही तोच येतो, ओलसर, किंचित काकडीसारखा. भोपळ्याचं कूळ मुळात अमेरिका खंडांतलं. मेक्सिकोतल्या ओहाकाच्या एका गुहेत माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. आपल्याकडे तो आला समुद्र ओलांडून, गेल्या पाचेकशे वर्षांत. बटरनट मात्र अगदी अलीकडचा. १९४०च्या दशकात याच राज्यातल्या स्टो गावच्या चार्ल्स लेगेट यांनी तो तयार केला असं सांगतात. पुढे वॉल्थमच्या शेती संशोधन केंद्रात त्याची एकसारख्या आकाराची, सरळ मानेची निवड झाली आणि ‘वॉल्थम बटरनट’ला १९७० साली बियाण्यांचा देशपातळीवरचा मान मिळाला. आज जगभर जो बटरनट पिकतो, त्यातला बराचसा याच घराण्यातला. वॉल्थमवरून जाताना मला दर वेळी त्या केंद्राची आठवण होते. एखादी भाजी इथे जन्मली हे ठाऊक असलं की रस्ता जरा जवळचा वाटतो.

वेलीवरून उतरवला त्याच दिवशी बटरनट चिरला, तर तो पिठूळ आणि मुका लागतो. त्याला मुरू द्यावं लागतं. आधी साधारण २७ अंशांच्या उबेत दहाएक दिवस, म्हणजे साल आणखी घट्ट होते आणि बारीक ओरखडे भरून येतात. मग १० ते १३ अंशांच्या गार, कोरड्या जागी. तिथे आत सावकाश स्टार्चची साखर होत राहते. आमच्या तळघरात एका फळीवर वर्तमानपत्र अंथरून मी भोपळे मांडते, एकमेकांना टेकणार नाहीत असे, आणि आठवड्याला एकदा प्रत्येकाचं बूड बोटाने दाबून पाहते. नोव्हेंबर संपता संपता ते खाण्याजोगे होतात. एकॉर्न तोवर संपवावे लागतात, बटरनट दोन-तीन महिने टिकतो, आणि हबर्ड नीट ठेवला तर थेट वसंत येईपर्यंत. पूर्वी इथल्या घरांमध्ये हबर्ड कुऱ्हाडीने फोडत. तो घराबाहेरच्या दगडावर आपटणारे आजही आहेत.

तळघरात ही गोडी वाढत असते, तेव्हा बाहेर वाफ्यात केल नावाचा पाला उभा असतो. बाकी सगळं झोपलेलं, घेवड्याचे वेल काळे पडलेले, आणि हा एकटा हिरवा. कडाक्याच्या रात्रीनंतर सकाळी त्याचं पान हातात घेतलं तर ते काचेसारखं कडक असतं. कडेच्या प्रत्येक सुरकुतीवर पांढरी साय धरलेली. या वेळी ते तोडायचं नाही, तोडलं तर घरात आणल्यावर लिबलिबीत होतं. ऊन वर येईपर्यंत थांबायचं. अकराच्या सुमाराला तेच पान मऊ होतं, पुन्हा ताठ उभं राहतं, आणि तेव्हा खुडावं. थंडी पडू लागली की हे झाड पेशींमधली साखर वाढवतं, म्हणजे आतलं पाणी सहजी गोठत नाही. जीव वाचवायला केलेली ही तजवीज आपल्याला चवीत कळते. सप्टेंबरचा केल नुसता उग्र असतो. डिसेंबरचा कडू असतोच, पण त्या कडूपणाच्या शेवटी काहीतरी गोड रेंगाळतं.

या दोघांची गाठ मी पातेल्यात घालते. नुसत्या भोपळ्याचं सूप, मलई आणि जायफळ घातलेलं, अगदी गुळगुळीत, इकडे सगळीकडे मिळतं. मला ते पुरत नाही. दोन चमच्यांनंतर दाताला काम उरत नाही आणि जिभेलाही. गोडाला अडवणारं कुणी लागतं. पाला ते काम करतो. भोपळ्याची चव त्याच्यामुळे कळते.

बटरनटचे दोन भाग वेगळे वागवावेत. मान भरीव असते, बिया सगळ्या खालच्या घेरात. मान सोलून तिच्या बोराएवढ्या फोडी करायच्या. सोलताना तळहातावर पातळ चिकट रस येतो, तो वाळला की कातडी ओढल्यासारखी वाटते आणि नारिंगी पापुद्रा धरतो. साबणाने तो जात नाही; आधी हाताला तेल चोळावं. घेराचे दोन तुकडे करून, बिया काढून, तुपाचा हात फिरवून, पालथे घालून २०० अंशांवर पाऊण तास भाजायचे. कडा काळपट झाल्या आणि तळाशी पाकासारखा रस सुटला की झालं. हा भाजलेला गर सूप दाट करतो. सालं, बियांभोवतीचे दोरे आणि मक्याची रिकामी कणसं पाण्यात अर्धा तास उकळली की सुपाला लागणारं पाणी तयार होतं. त्या केशरी पाण्याऐवजी साधं पाणी घातलं तर फरक लगेच कळतो.

मग तूप, जिरं, चिमूटभर हिंग, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा. कांदा घाईने लाल करायचा नाही, मंद आचेवर पार विरघळू द्यायचा. त्यावर मानेच्या फोडी, रात्रभर भिजवून शिजवलेले पांढरे राजमे, ते केशरी पाणी. फोडी अर्ध्या शिजल्या की केल: मधला जाड दांडा ओढून काढलेला, पानं हाताने फाडलेली. त्याला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. पालक किंवा चार्डची पानं असतील तर ती अगदी शेवटी, आच बंद करताना, नाहीतर त्यांचा चिखल होतो. भाजलेला गर घोटून त्यात मिसळला की सगळं एकजीव होतं, पण फोड फोडच राहते आणि पान पानच. तुपात हात आखडता घेऊ नये. भोपळ्यातलं आणि पाल्यातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच, आणि चवीलाही तोच न्याय देतो.

एकदा या पातेल्यावर झाकण ठेवताना मला जाणवलं की हे मी कुठेतरी खाल्लेलं आहे. भोपळा, मका, पाला, शेंगेतला दाणा, मसाला जवळजवळ नाही: ही तर ऋषीची भाजी! भाद्रपदात गणपती बसला की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, रत्नागिरीच्या आमच्या घरी आई ती करायची. अळू, लाल माठ, लाल भोपळ्याच्या सालीसकट फोडी, दोडका, सुरण, कणसाचे दोन-दोन पेरांचे तुकडे, परसातली काकडी. वर हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, ओलं खोबरं. तेलाची फोडणी नाही. शेवटी घरचं लोणी. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायकांनी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, असा दंडक. नांगरलेल्या जमिनीतलं नको, हाताने टोकलेलं, परसात, कुंपणावर, आपसूक आलेलं हवं. आई बाजारातली भाजी त्या दिवशी घरात येऊ द्यायची नाही. शेजारणी एकमेकींकडे सूप भरून परसातलं पाठवायच्या, तुझं अळू, माझा दोडका.

भोपळा आणि मका या भाजीत किती चपखल बसतात, हे मला इथे राहून उमगलं. ही पिकं ज्या खंडांत माणसाच्या हाती आली, तिथे नांगर ओढणारं जनावर नव्हतंच. बैल तिकडे गेले ते युरोपीय लोकांबरोबर, खूप नंतर. या न्यू इंग्लंडमधले मूळ रहिवासी वाम्पानोआग, पलीकडे न्यूयॉर्कच्या बाजूचे होडेनोशोनी, यांच्यात शेती मुख्यतः बायकांची. त्या मातीचे लहान उंचवटे करून त्यात मका टोकत, तो हातभर वाढला की त्याच्या बुडाशी घेवडा आणि भोपळा लावत. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, आणि भोपळ्याची रुंद, खरखरीत पानं जमीन झाकून ओल राखतात, तण वर येऊ देत नाहीत. होडेनोशोनी या तिघींना बहिणी म्हणतात. हजारो वर्षं ज्यांनी बैल पाहिला नाही, अशा बायकांनी हाताने जपलेलं हे पीक एवढा समुद्र ओलांडून कोकणात आलं, आणि कोकणातल्या बायकांनी ते नेमकं त्याच दिवसाच्या भाजीत घातलं ज्या दिवशी बैलाला विसावा असतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. परसात जे हाताने येतं ते घालायचं, एवढाच नियम होता, आणि भोपळ्याने तो पाळला. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण हाताच्या श्रमाला दुसरीही बाजू आहे, ती मला शेजारच्या आजींनी दाखवली. त्या हैतीच्या. आमच्या घरांमध्ये एकच भिंत. १ जानेवारीला सकाळी त्यांच्याकडून झाकलेलं भांडं येतं: सूप जुमू. आमच्यासाठी मांसाशिवाय वेगळं केलेलं. भोपळा शिजवून, घोटून केलेला पिवळाधमक रस्सा, त्यात पानकोबीचे रुंद तुकडे, गाजर, बटाटा, सलगम, सेलरी, थोडी मॅकरोनी, आणि वर तरंगणारी एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची. ती फुटू द्यायची नाही. नुसता वास उतरवायचा. हैतीत फ्रेंचांची वसाहत होती तेव्हा गुलामांनी भोपळा पिकवायचा, सूप रांधायचं, आणि चाखायचं मात्र मालकांनी. १ जानेवारी १८०४ला गोनाइव्ह शहरात स्वातंत्र्य जाहीर झालं. गुलामांनी स्वतः लढून मिळवलेलं स्वातंत्र्य. तेव्हापासून हैतीचा माणूस जगात कुठेही असो, वर्षाच्या पहिल्या दिवशी हे सूप करतो, आणि एकट्यापुरतं करत नाही. २०२१च्या डिसेंबरात युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हैतीची या यादीतली ती पहिली नोंद. बॉस्टनच्या मॅटापॅन भागात हैतीची वस्ती मोठी आहे, आणि त्या सकाळी तिथल्या खानावळींसमोर पातेली घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. थंडी कडाक्याची, तोंडातून वाफा निघताहेत, आणि अनोळखी माणसं एकमेकांना शुभेच्छा देताहेत.

आजी भांडं देतात ते दोन्ही हातांनी. पहिला घोट त्यांच्यासमोर घ्यावा लागतो. त्याशिवाय त्या उंबरठा सोडत नाहीत. आईच्या ऋषीच्या भाजीचं मी त्यांना सांगितलं, बैलाचं, परसाचं, लोण्याचं, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘आणि ती भाजी आधी कुणाला वाढतात?’ मी म्हटलं, ऋषींना आणि अरुंधतीला नैवेद्य, मग जिने रांधली ती उपाशी बाई. त्यावर त्यांनी मान हलवली. पुढच्या भाद्रपदात, अळू भारतीय दुकानातून आणि बाकी सगळं वाफ्यातलं, मी त्यांना ती भाजी नेऊन दिली. त्यांना चिंच आवडली. मिरचीबद्दल मात्र त्यांचं मत ठाम होतं: चिरून घालायची नाही, अख्खी तरंगू द्यायची.

आता माझ्या पातेल्यात ती तरंगते. शेवटी लिंबू पिळते, तेही त्यांचंच. सोबत बाजरीची भाकरी, ती मात्र माझी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली. मुलांना सूप पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी आवडतं, राजमा फुगून दाट झालेलं. तिसऱ्या दिवशी तळाशी जे उरतं ते मी थालीपिठाच्या भाजणीत मळते, पाणी लागतच नाही. तव्यावर मधोमध भोक पाडून त्यात तूप सोडलं की केलची कडा कुरकुरीत होते, आणि त्या थालीपिठाचा एक तुकडा भिंतीपलीकडे जातो.