चांदण्यातला च

५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि आमची दर गुरुवारची मीटिंग उघड्यावर पडली. आम्ही आठ जण मुलांसाठी मराठी गोष्टी रेकॉर्ड करतो. मध्यप्रदेशातल्या मराठी घरांमधली बरीच मुलं हिंदी शाळेत शिकतात. त्यांना मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. गोष्टी त्यांच्यासाठी. मी भोपाळला कोलार रोडला राहते. बाकीचे बैतूल, बऱ्हाणपूर, नागपूर, पुणे असे विखुरलेले. पांढुर्ण्यापासून थोडं आत, संत्र्याच्या बागेतल्या घरात आमच्या काकू राहतात. निवृत्त शिक्षिका. उच्चार तपासायचं काम त्यांचं.

नवं साधन निवडायला मी रीतसर तक्ता केला. झूमवर फुकटात ४० मिनिटं, गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटं. दोन्हीकडे १०० माणसांची सोय. आम्हाला १०० माणसं कशाला लागतात? तरी तो रकाना मी भरला. ग्रुपवर मतं मागवली. पुणे-नागपूरकरांनी भरभरून लिहिलं. काकूंनी लिहिलं, ‘कोणतंही चालेल.’ तिथेच मी थांबून त्यांना फोन करायला हवा होता. बहुमतानं एक ॲप ठरलं आणि आम्ही कामाला लागलो.

तीन आठवड्यांनी मीटिंगची टिपणं चाळताना लक्षात आलं, काकूंचं एकही म्हणणं त्यांत नाही. ज्यांचे कान आमच्या कामाचा आधार, त्याच गप्प. त्या रात्री फोन लावला.

“बाई, माझा पॅक रोजचा दीड जीबीचा. नातू दुपारी अभ्यासाला घेते. मीटिंगले बसलं का अर्ध्यातच चाक फिरत राहते,” त्या म्हणाल्या. “मी माझा कॅमेरा बंद ठेवते ना जी, पण तुमचे सात चेहरे तर येतच राहतात.”

नेमकं तेच होत होतं. आपला कॅमेरा बंद केला तर आपल्याकडून जाणारं चित्र थांबतं. येणारं येतच राहतं, आणि खरा डेटा तेच खातं. नुसत्या आवाजाला फार थोडा लागतो. तासाभराचं बोलणं चाळीस-पन्नास एमबीत मावतं. आम्ही सात जण एकमेकांचे चेहरे पाहत होतो आणि त्याची किंमत काकू मोजत होत्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता बाजूला ठेवला. आता प्रश्न एकच: पांढुर्ण्याच्या त्या घरात आवाज स्वच्छ पोचतो का?

साध्या फोनवरून मीटिंगला जोडून घ्यायची सोय काही ठिकाणी असते, ती आधी पाहिली. डेटाच लागत नाही. पण जुन्या टेलिफोनची आवाजाची पट्टी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ. तेवढ्यात बोलण्याचा अर्थ पोचतो, पण स आणि शमधला, दोन प्रकारच्या चमधला फरक दाखवणारी वरची सळसळ कापली जाते. उच्चार तपासणाऱ्या माणसाला ती लाइन देऊन काय उपयोग? शिवाय बऱ्हाणपूरच्या दादांनी पेटीवर गोष्टीची सुरावट वाजवली, तर ॲपनं तिला गोंगाट समजून गिळून टाकलं. गोंगाट दाबायची सोय बंद करावी लागते, हे तेव्हा कळलं.

मग इंदूरच्या माझ्या भाच्यानं जिट्सी हे मीटिंगचं साधन सुचवलं. एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्यानं २००३ मध्ये स्ट्रासबूर्ग विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पातून ते वाढलं. ते खुलं आहे, म्हणजे आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि त्याच्या आतल्या सेटिंगला हात लावता येतो. मला ओढ वाटली ती या दुसऱ्या गोष्टीची.

पहिल्या चाचणीला मी आणि बैतूलची मैत्रीण बोललो. लख्ख. बऱ्हाणपूरचे दादा आत आले आणि तिघांचेही चौकोन काळे. ते बाहेर गेले की आम्ही दोघी पुन्हा दिसू लागलो! दोन तास हाच खेळ. शेवटी भाच्यानं शोधलं: दोघंच असताना दोन्ही मशीन थेट एकमेकांशी बोलतात, तिसरा आला की सगळं सर्व्हरमार्फत जातं, आणि त्यासाठी लागणारा १०,००० क्रमांकाचा यूडीपी पोर्ट आम्ही उघडलाच नव्हता. उघडला, आणि तिघंही दिसलो.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. चित्राचा दर्जा ७२० वरून ३६० वर आणला. आणि शेवटच्या दोन बोलणाऱ्यांचेच चेहरे पाठवायचे, बाकीच्यांचे नाहीत, असं ठरवून दिलं. काकूंच्या फोनवर तर चित्र पूर्ण बंद, फक्त आवाज. पुण्याच्या सहकाऱ्याला धूसर चित्र खटकलं. मी त्याला सरळ सांगितलं, की आपल्याला चेहऱ्यापेक्षा काकूंचे कान हवेत. तो समजला. सर्व्हरचं भाडं आणि वेळोवेळी अपडेट करायची जबाबदारी मात्र आली. ती मी आणि भाचा वाटून घेतो.

खरी कसोटी जुलैतल्या एका गुरुवारी लागली. इकडे कोलारला पाऊस धो धो, तिकडे पांढुर्ण्यालाही आभाळ भरलेलं. दहा वर्षांच्या एका मुलानं वाचलेली गोष्ट आम्ही ऐकत होतो. त्यात चंद्र होता आणि चांदणंही. लिहिताना दोन्हींचा च एकच, बोलताना वेगळा. चांदण्यातला दातांवर हलकेच घासून येतो. हिंदीत तो नाही, म्हणून ही मुलं हमखास चुकतात. आम्हा सात जणांपैकी कुणालाच काही खटकलं नाही. मी पुढच्या गोष्टीकडे वळणार, तेवढ्यात काकूंचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

“थांबा जी. पोरानं चांदण्याले चंद्राचा च लावला.”

रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा ऐकलं. खरंच होतं. काकूंनी तो शब्द सावकाश तीनदा म्हणून दाखवला आणि आम्ही सगळे आपापल्या गावी, आपापल्या खोलीत, त्यांच्यामागून म्हणत राहिलो.