घाट, ट्रेलर आणि २०० लिटर पाणी

लाँग वीकेंड, मित्राचा जुना डिझेल पिकअप आणि मागे जोडलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर. नागपूरहून निघालो देवरीला, त्याच्या मामांकडे. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून ही किडा डोक्यात होती. प्लॅन एकदम सॉलिड!

भंडारा, साकोली मस्त पार पडलं. हा मुंबई-कोलकाता हायवे, पूर्वीचा एनएच ६, आताचा ५३. मग देवरीच्या अलीकडे लागला मासुलकसा घाट. दोन्ही बाजूंना जंगल, नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघांची ही ये-जा करायची वाट. खंडाळ्यापुढे हा घाट म्हणजे किस झाड की पत्ती, असं मीच म्हणालो होतो.

आता थोडं गणित. २० मीटरला १ मीटर चढ असला, तर १००० किलोचा ट्रेलर गाडीला सतत ५० किलोंनी मागे ओढतो. त्यात आमचं इंजिन म्हातारं. तिसरा, दुसरा करत बसलो, पहिला टाकायला उशीर केला. टेम्परेचरचा काटा लाल रेषेवर, क्लचचा जळका वास, आणि गाडी बंद.

हँडब्रेक ओढला. तरी गाडी हळूच मागे सरकायला लागली! मागे लोखंड भरलेला ट्रक. पोटात गोळा म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. ट्रकचा क्लीनर उडी मारून आला, चाकामागे लाकडी ठोकळा सरकवला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, ''पहले गियर में चढ़ाओ, और जिसमें चढ़े उसी में उतरना.'' उतारावर नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापून निकामी होतात, म्हणून.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, एवढी अक्कल होती. अर्धा तास थांबलो. तेवढ्यात ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी केली. २०० लिटर, म्हणजे थेट २०० किलो कमी. शिवाय टाकी होती ट्रेलरच्या मागच्या टोकाला; वाटेत शेपूट का हलत होतं, त्याचा उलगडा तिथे झाला. मग एसी बंद, पहिला गिअर, बैलगाडीच्या स्पीडने वर.

देवरीत मामा अंगणातच उभे होते. सगळी कथा ऐकून घेतली आणि विहिरीकडे बोट दाखवलं.

''पानी तं इथं बी हाय. मंग नागपूरहून काहाले आनत होते?''