गव्हाणचा प्लॉट

"या कथेचा प्लॉट काय, सांगा पाहू," असा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारतो. मराठीच्या प्राध्यापकाने 'कथानक' म्हणावे हे मला कळते. पण वीस वर्षांची जिभेची सवय सहजासहजी सुटत नाही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने चटकन विचारले, "कुठला प्लॉट, सर? साडेबारा टक्क्यांतला की विकतचा?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तो मुलगा मात्र हसला नाही. तो पनवेल तालुक्यातल्या गव्हाणचा होता.

पुढे योग असा आला की, उलव्याला एक ब्लॉक पाहायला आम्ही उभयता गेलो. खारकोपर स्टेशनावर तो मुलगा आम्हांला घ्यायला आला होता. या खारकोपरला २०१८ साली लोकल आली. २०२४च्या जानेवारीत ती पुढे उरणपर्यंत पोचली आणि त्याच महिन्यात शिवडीहून खाडी ओलांडून अटल सेतूही या बाजूस उतरला. ब्लॉक हवेशीर होता. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराचा ओटा हाताने मोजला, मी पाण्याची चौकशी केली. मग मुलगा म्हणाला, "सर, चहाला घरी चला. आजोबा वाट पाहताहेत."

रिक्षात बसल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकायची जागा. मराठी बायबलात बाळ येशूला निजवले आहे ते गव्हाणीतच. आणि साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होताना उसाची पहिली मोळी टाकतात तीही गव्हाणीतच. शब्द तोच, गोठ्यात त्याचा अर्थ निराळा, देवळात निराळा, कारखान्यात निराळा.

'प्लॉट'चेही तसेच आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ जमिनीचा लहानसा तुकडा. त्या तुकड्याचा नकाशा काढला, तोही प्लॉट. नकाशावरून बेत आला, बेतावरून कट. १६०५ साली लंडनची पार्लमेंट दारूने उडवण्याचा जो कट झाला, तोही इतिहासात प्लॉट म्हणूनच नोंदला गेला. नाटक-कादंबरीचे कथानक हे त्याच घराण्यातले भावंड. आपल्याकडे नाशिकचा बागाईतदार द्राक्षबागेला प्लॉट म्हणतो. सरकारी मराठीने त्याला 'भूखंड' केले. म्हणजे आफ्रिका हाही भूखंड आणि तीन गुंठे हाही भूखंड! त्या भूखंडाचे श्रीखंड कोण खाते, हे सांगायला कोश लागत नाही.

आजोबा ओटीवर बसले होते. माझी ही सारी विद्वत्ता त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "मास्तर, आमचे शेतांना नावं व्हती. चिंचेचा शेत, देवीचा शेत, खारीतला शेत. बाप बोलं, खारीत पानी बघून ये, की मना समजं कंचा बांध. आता प्लॉटला नंबर हाय. पोरांना पाठ हाय, मना नाय."

मग त्यांनी सांगितले ते असे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईचा नकाशा उमटला. भातशेती गेली, मिठागरे गेली. मोबदला पुरेसा नव्हता, म्हणून जासईचे दि. बा. पाटील यांच्यामागे गावेच्या गावे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. म्हणून पुढे ठरले की, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची. एकराचे गुंठे चाळीस; साडेबारा टक्के म्हणजे पाच.

"पाच गुंठ्यांवर भात नाय लावता येत, मास्तर," आजोबा म्हणाले. "बिल्डिंग लावता येते."

यावर कुणी काही बोलले नाही. नातसुनेने चहाबरोबर तांदळाची भाकरी पुढे केली. तांदूळ विकतचा होता, हे तिने आपण होऊनच सांगितले.

'पुढे काय झाले' हे सांगणारी ती गोष्ट आणि 'का झाले' हे सांगणारे ते कथानक, असे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. आजोबांच्या बोलण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत 'म्हणून' होते. त्या 'म्हणून'ला पाच माणसांचे मोल पडले होते. वर्गात त्या मुलाने विचारलेला प्रश्न विनोद नव्हता, हे मला तेथे, त्या ओटीवर कळले.

परतीच्या लोकलमध्ये सौभाग्यवती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "बिल्डरला तुम्ही लिफ्ट विचारलीत, पार्किंग विचारलंत. तिथं आधी कुणाचं शेत होतं, हे नाही विचारलंत."

मी मुलाला फोन करून इमारतीची जागा सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने कळवले, "सर, शेत आमचं नव्हे. पण आजोबांना नाव ठाऊक आहे. त्याला चिखलीचा शेत म्हणत."

ब्लॉकचा व्यवहार व्हायचा तेव्हा होईल. खरेदीखतात प्लॉटचा नंबरच लिहिला जाईल. त्याला इलाज नाही. आम्ही दोघे मात्र आता घरात बोलताना त्या जागेला चिखलीचे शेतच म्हणतो.