गिऱ्हाइकांसाठी वाजलेलं गाणं

मामूंच्या हॉटेलात गाण्यांच्या लायसन्सची नोटीस आली. "सीडी विकत घेतली, आता वाजवायचेही पैसे?" मामू भडकले.

घरात ऐकणं वेगळं, गिऱ्हाइकांसाठी वाजवणं वेगळं, असं कायदा मानतो. लग्नाच्या वरातीला मात्र सूट आहे! २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते.

मी म्हटलं, "मामू, नानांनी कव्वाल्या एकरकमी विकल्या होत्या ना?" त्या कुठं वाजल्या की नाना नुसती मान डोलवायचे, हाती काही येत नसे.

मामू बराच वेळ गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिले. मग म्हणाले, "भरतो. पण लिहिणाऱ्यापर्यंत पोचतात का, तेवढं विचारून ये."