मानधनाची नोकरी

समाजसेवा आणि समाजकार्य हे शब्द मराठीत बहुधा एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी समाजकार्य महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील भेद अगदी सुरुवातीलाच शिकवला जातो. समाजसेवा म्हणजे सवडीने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली मदत. समाजकार्य म्हणजे मानवी वर्तनाचे व समाजरचनेचे ज्ञान, ठरलेल्या कार्यपद्धती आणि व्यावसायिक आचारसंहिता यांच्या आधारे, वेतन घेऊन केलेले काम. हा भेद उत्तरपत्रिकेत नेमका लिहिता येतो; घरी तो समजावून सांगणे कठीण जाते. ज्या भाषेत 'समाजसेवक' ही उपाधी गाडगेबाबांनाही लागते आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकणाऱ्या कोणालाही लागते, त्या भाषेत याच कामाची पदवी घेऊन पगार मागणारा माणूस काहीसा अवघडलेलाच उभा असतो, आणि आपल्या पुढच्या आयुष्याविषयी तो जी अपेक्षा बाळगतो तिच्यात हे अवघडलेपण पहिल्यापासून मिसळलेले असते.

या अवघडलेपणाला इतिहास आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्याला स्वतःसाठी द्रव्य मिळवण्यात शक्ती न वेचण्याची आणि संस्था देईल त्या निर्वाहवेतनावर समाधान मानण्याची शपथ घ्यावी लागे. त्याच परंपरेतील ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारली. म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्ता ही कल्पना महाराष्ट्रात समाजकार्याच्या पदवीपेक्षा जुनी आहे, आणि ती त्यागाशी बांधलेली आहे. 1936 मध्ये अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेच 1944 पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. या शाळेने दोन वर्षांचे रीतसर शिक्षण आणले, आणि शिक्षणाच्या मागोमाग नोकरीची अपेक्षा येणे ओघानेच होते.

ही अपेक्षा कोणत्या दिशेला वळली हे पाहू गेल्यास तिच्या मागे विद्यार्थ्यांच्या आवडीपेक्षा कायद्याची कलमे अधिक दिसतात. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि त्यामुळे पुढची कित्येक वर्षे 'कामगार कल्याण' हा विषय घेणाऱ्यासमोर ठोस पद उभे राहिले. 1984 च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समुपदेशकाला न्यायालयात जागा दिली. त्याच वर्षी मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला आणि पोलिसांशेजारी बसणारा समाजकार्यकर्ता ही नवी भूमिका तयार झाली. कंपनी अधिनियम, 2013 ने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान 2 टक्के भाग सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करण्यास सांगितल्यापासून विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'सीएसआर' हे तीन अक्षरी गंतव्यस्थान आले. तेथे वस्तीपेक्षा तक्ते आणि सादरीकरणे अधिक असतात, ही तक्रार खरी असली तरी त्यासाठी विद्यार्थ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पद जिथे असते तिथेच स्वप्न जाऊन बसते.

पद असले तरी त्याचा मोबदला कोणत्या नावाने मिळतो, हा प्रश्न राहतोच. शासकीय प्रकल्पांत आणि स्वयंसेवी संस्थांत बहुसंख्य तरुण कार्यकर्त्यांना जे मिळते त्याला 'वेतन' न म्हणता 'मानधन' म्हणतात. हा शब्द मुळात सौजन्याचा आहे: व्याख्यात्याला किंवा परीक्षकाला, ज्याच्या कामाची किंमत करणे बरे दिसत नाही अशा माणसाला, आदरापोटी दिलेली रक्कम. दरमहा, सकाळी दहा ते सायंकाळी सहा काम करणाऱ्याला तो लावला की त्याचा अर्थ उलटतो. वेतनासोबत येणारी श्रेणी, वार्षिक वाढ, भविष्य निर्वाह निधी आणि रजेचा हक्क हे सारे त्या एका शब्दाआड सहज गाळता येते. नेमणूक अकरा महिन्यांची, मग एखाद्या दिवसाचा खंड, मग पुन्हा नवे पत्र, अशी कंत्राटी रीत या शब्दाला चांगली मानवते. देणगीदारांची दृष्टीही याहून फारशी निराळी नसते. आपला पैसा लाभार्थ्यांपर्यंत पोहोचावा, पगारात जाऊ नये, असे त्यांना वाटते. परंतु समाजकार्यात औषधाची बाटली किंवा धान्याची गोणी दुय्यम असते आणि कार्यकर्त्याचा वेळ हीच सेवा असते, त्यामुळे पगार वजा केल्यावर पोहोचवायला काय उरते, हे सांगणे अवघड आहे.

त्यात वकिलांच्या परिषदेसारखी वैधानिक परिषद या व्यवसायाला भारतात नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोरुग्णसेवेतील समाजकार्यकर्त्यांची दखल घेतली. समुदाय संघटन करणारा, म्हणजे वस्तीतील लोकांना एकत्र आणून त्यांचे प्रश्न त्यांनाच हाती घ्यायला लावणारा कार्यकर्ता, त्या दखलेच्या बाहेरच राहिला.

मराठवाड्यातील किंवा विदर्भातील गावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याकडे पाहिले म्हणजे सेवा की करिअर हा प्रश्नच शहरी वाटू लागतो. वंचितता त्याला पुस्तकातून कळलेली नसते. ती त्याने भोगलेली असते, आणि म्हणून त्याला कायम पद हवे असते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करता करता तो स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतो, यात काही प्राध्यापकांना निष्ठेचा अभाव दिसतो. वास्तविक कर्ज फेडायचे असलेल्या घरातील मुलाने स्थैर्य मागणे हे समाजकार्य ज्या आत्मसन्मानाविषयी शिकवते त्याचेच लक्षण होय.

अपेक्षा खरी घडते ती क्षेत्रकार्यात. क्षेत्रकार्य म्हणजे आठवड्यातून साधारण दोन दिवस एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, शाळेत किंवा वस्तीतील संस्थेत प्रत्यक्ष काम करणे, त्याची नोंद लिहिणे आणि ती नोंद पुढे ठेवून प्राध्यापकांशी चर्चा करणे. वर्गात व्यक्तिसहाय्य कार्याचे टप्पे शिकलेला विद्यार्थी तेथे ज्या कार्यकर्तीच्या हाताखाली काम करतो, तीच त्याला दिसणारे आपले पहिले भविष्य असते. तिला गल्लीतील प्रत्येक घर ठाऊक असते. कोणाचे शिधापत्रिकेवरून नाव कमी झाले आहे, कोणती मुलगी शाळेतून गळाली आहे, हे ती वहीत न पाहता सांगते. आणि मार्च जवळ आला की मुदतवाढीचे पत्र कधी येणार, हे विचारण्यासाठी ती कार्यालयात फोन लावते. विद्यार्थी हे सारे शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकतो आणि संध्याकाळी क्षेत्रकार्याच्या नोंदवहीत घरे, शिधापत्रिका आणि मुलगी यांविषयी तपशिलाने लिहितो. फोनसाठी त्या वहीत रकाना नसतो.